किती मोठ्याने बोलावे?



आपल्या सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात शिरले की पहिला धडा मिळतो तो बोलण्याचा. मागांच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो. जवळच्याच्या कानाशी लागावे, लांबच्याला हाताने खुणवावे. सगळेच ओरडू लागले तर कोणाचेच ऐकू येत नाही. आम्ही शाळा फार शिकलो नाही. पण बिनतारी यंत्रांविषयी वाचू लागलो, तेव्हा हाच धडा तेथे पुन्हा भेटला.

मुंबईच्या आयआयटीने नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यात जमीन व हवा मोजणाऱ्या लहान बिनतारी यंत्रांचे जाळे बसवून पाहिले होते. आपल्या डाळिंबाच्या बागांनाही ते उपयोगी पडण्याजोगे आहे. ही यंत्रे बॅटरीवर जगतात. सीसी २४२० या अशा यंत्रांतल्या एका परिचित चिपचा हिशेब पाहा. पूर्ण शक्तीने, म्हणजे १ मिलिवॅटने, बोलताना तिला १७.४ मिलिअँपिअर वीज लागते. शक्ती सुमारे तीनशेपटीने उतरवली तरी ८.५ लागतेच. आणि नुसते ऐकत बसायला १८.८! तेव्हा बॅटरीची मोठी बचत होते ती यंत्र निजवून ठेवल्याने. हळू बोलायचे ते मुख्यतः शेजाऱ्यालाही बोलता यावे म्हणून.

आता खरा मुद्दा. पालवी दाटली, पाने भिजली, की संदेश क्षीण पोचतो. यंत्राने स्वतः शक्ती उतरवली तरी क्षीणच पोचतो. ऐकणाऱ्याने कारण ओळखावे कसे? म्हणून संदेशाबरोबर पाठवल्या शक्तीचा आकडा यावा. शून्य डेसिबलवर पाठवून उणे ८० पोचले, किंवा उणे १० वर पाठवून उणे ९०, वाटेतली गळती दोन्हीकडे ८०च; वाट बिघडलेली नाही. आकडा कळवलाच नाही तर चांगले यंत्र बिघडले म्हणून आपण उपटू, आणि भर उन्हाळ्यात त्या कोपऱ्यातली ओल कोणालाच कळणार नाही.

लोरावॅन नावाच्या लांब पल्ल्याच्या पद्धतीत केंद्राने शक्ती बदलण्याचा हुकूम दिला, की यंत्र तीन उत्तरे देते: वाहिन्या मान्य की नाही, वेग मान्य की नाही, शक्ती मान्य की नाही. एकालाही नकार असला तर कोणताच बदल होत नाही. वाटाघाटीत मुरलेल्या आम्हांला हा रिवाज फार आवडला.

तरी एक सावधगिरी हवी. कळवलेला आकडा हा लावलेला आकडा असतो; अँटेना मोडली तरी तो तोच राहतो. एका कारखान्यात हजेरीपटावर आठ तास वाचून मागापाशी बारा मोजलेली आम्ही माणसे. कागद हवाच, पण अधूनमधून बागेत जाऊन प्रत्यक्ष मोजणेही हवे.