घास उतरेपर्यंत

(गणेशोत्सवातील पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषणाची आम्हाला सवय नाही. आम्ही दोघं नवरा-बायको. एकाची नोकरी राज्य सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या खात्यात, डिप्लोमा झालेला उपयंत्री. दुसरी एका खाजगी शाळेत शिकवायची. ‘शिकवायची’ असं का म्हटलं, ते पुढे येईलच. माइकसमोर उभा एकच आहे, पण बोलणं दोघांचं आहे, म्हणून ‘आम्ही’ म्हणतो आहोत.

या दहा दिवसांत आम्हाला निदान वीस जणांनी विचारलं, “गेल्या वर्षी आरतीतून घाईघाईने निघून गेलात, ते वर्षभर फिरकलाच नाहीत. होतात कुठे?” दर वेळी आम्ही “जरा घरचं होतं” म्हणून टाळलं. आज खरं उत्तर देतो.

आमची धाकटी लेक आता पावणेतीन वर्षांची आहे. ती जन्मली तेव्हा तिच्या तोंडातून सारखा फेस येत होता. नर्सबाईंनी नाकातून बारीक नळी घालून पाहिली, ती पोटापर्यंत जाईना. एक्स-रे काढला आणि कळलं की तिची अन्ननलिका अखंड नाही. वरचा भाग मध्येच बंद, आणि पोटाकडून वर येणारा भाग श्वासनलिकेला जोडलेला. साधारण अडीच ते साडेचार हजार जन्मांमागे एका बाळाला असं होतं. आईने काय खाल्लं, कुठलं ग्रहण पाहिलं, याच्याशी त्याचा संबंध नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्याच घरात ग्रहणाचा विषय आठ दिवस चालला होता आणि बाळंतीण पलीकडच्या खोलीत ते ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. अशी दोन टोकं थेट जोडून बाळ वाचवण्यात पहिलं यश आलं ते १९४१ साली, अमेरिकेत डॉ. कॅमेरॉन हाइट यांना. म्हणजे आपल्या आजी-पणजीच्या काळात असं बाळ हाती लागत नसे. आमचं लागलं. ही बाप्पाची कृपा, आणि त्या डॉक्टरांच्या हातांची.

डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं, तेव्हा पाइपलाइनवाल्याला वाटलं, हे तर आपल्याच कामातलं! जोड दिला, गळती नाही, काम संपलं. पण तसं नसतं. एक तर जोडाची जागा भरून येताना आवळते. मग बेशुद्ध करून, आतून फुगा फुगवून ती रुंद करावी लागते. आमच्या लेकीची ती जागा आजवर सात वेळा रुंद केली आहे. दुसरं म्हणजे पाइपातलं पाणी उताराने किंवा दाबाने वाहतं, अन्ननलिका मात्र घास स्वतः ढकलते, एकामागून एक लाट उठावी तशी. जोडलेल्या नलिकेत ती लाट नीट उठत नाही. ते दुरुस्त करायचा पाना अजून कुणाकडे नाही. त्यामुळे हा आजार ऑपरेशनने संपला नाही, तो आमच्याबरोबर राहायला आला.

तो घरात कसा राहतो ते सांगतो. लेकीचं जेवण दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं. प्रत्येक जेवण पाऊण तासाचं. ताठ बसवून भरवायचं, दोन घासांमध्ये घोटभर पाणी, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. गुरगुट्या भात, वरण, नाचणीची खीर, शिजवून कुस्करलेला लाल भोपळा, पपई हे चालतं. पोळी, ब्रेड, सफरचंदाची फोड, सुकं खोबरं चालत नाही. तिचा खोकला कुत्रं भुंकल्यासारखा येतो, कारण अशा मुलांची श्वासनलिका मऊ असते. तो संसर्ग नव्हे. पण बसमध्ये लोक सरकून बसतात.

या वेळापत्रकात शाळेची नोकरी बसेना. तिने राजीनामा दिला, तो दिवस आमच्या घरात कुणी साजरा केला नाही आणि कुणी त्यावर बोललंही नाही. वैद्यकीय बिलं खात्याकडून मंजूर होतात, पण होतात तेव्हा होतात. तोवर पतपेढीचं कर्ज आणि दोन बांगड्या. थोरला मुलगा दहा वर्षांचा. गेल्या वर्षी त्याने शाळेच्या निबंधात लिहिलं, “आमच्या घरी सगळे माझ्या बहिणीच्या घशाकडे बघत असतात.” बाईंनी शेरा दिला, ‘छान निरीक्षण’. आम्ही दोघं ती वही घेऊन कितीतरी वेळ स्वयंपाकघरात बसलो होतो.

आता पोह्यांची गोष्ट. इंदूरच्या मराठी घरात सकाळी पोहे नाहीत म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको. पण लेक शेवेला हात घालायची, म्हणून आम्ही पोहे चोरून खायला लागलो. ती झोपलेली असताना, दार लोटून, जिरावणाचा डबा फडताळात वर लपवून. घासाची आम्हालाच इतकी धास्ती बसली होती की चमचा पुढे करताना हात कापायचा. मग एका थेरपिस्टबाईंनी कान उपटले. गिळणं शिकवणं हेही स्पीच थेरपीच्याच लोकांचं काम असतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्या म्हणाल्या, “मूल बघून खायला शिकतं. तुम्हीच लपून खाल्लंत तर ती शिकेल कुणाचं बघून?” त्या दिवसापासून सगळे एकत्र बसतो. तिच्या ताटलीत तिचं, आमच्या ताटलीत पोहे. ती वास घेते, लिंबाची फोड चाटते, तोंड वाकडं करते. लपवलेला डबा खाली आला आणि घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं.

तिचं उष्टावण चौदाव्या महिन्यात झालं. सहाव्या महिन्यात ती नळीवर होती. मामाने सोन्याच्या अंगठीला खिरीचा एक थेंब लावून जिभेवर टेकवला. सगळ्यांच्या नजरा तिच्या गळ्यावर. तो थेंब उतरला आणि आजोबा उठून गॅलरीत निघून गेले. इतका छोटा घास आणि इतकी मोठी पंगत आमच्या घरात पूर्वी झाली नव्हती.

आणि आता गेल्या वर्षीची आरती. आरतीनंतर एका आजींनी प्रेमाने तिच्या हातावर खिरापत ठेवली. आम्ही चपला शोधत होतो. तिने खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. दोन मिनिटांत लाळ गळायला लागली, पाण्याचा घोट दिला तोही परत आला. रात्री अकराला दुर्बिणीतून तो तुकडा काढला. आम्ही गेलो ते असे.

तीन दिवसांनी त्या आजी पत्ता विचारत घरी आल्या. रडल्या. आम्ही म्हटलं, “आजी, तुमची काही चूक नाही.” तर म्हणाल्या, “चूक नाही हे मला कळतं. पण मला सांगितलं का नाहीत? मी काय परकी होते?”

याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. खरं कारण तुमच्यासमोर कबूल करतो. मुलीची जात, उद्या लग्नाच्या वेळी कुणी म्हणेल ‘हिच्यात काहीतरी खोट आहे’, म्हणून आम्ही झाकत होतो. पावणेदोन वर्षांच्या लेकीच्या लग्नाची काळजी केली, आणि तिच्या हातातल्या तुकड्याची करायची राहून गेली. त्यानंतर वर्षभर आलो नाही, ते रागाने नव्हे, शरमेने.

म्हणून आज सगळ्यांना तीन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली, कुणाच्याही लहान मुलाला काही देण्याआधी त्याच्या आईबापांना विचारा, आणि ‘नको’ म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. चार वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे देऊच नयेत.

दुसरी, घशात अडकलेलं मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, तोंडात आंधळेपणाने बोटं घालू नका. आवाज निघत नसेल, श्वास येत नसेल, तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापा, आणि तरी निघालं नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने पाच झटके. सुटेपर्यंत आलटून पालटून, आणि कुणीतरी १०८ ला फोन लावायचा. वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही, त्याच्या छातीच्या मध्यावर दाबायचं. हे एकदा जाणकाराकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. पुढच्या वर्षी समाजाने असा वर्ग ठेवला तर सतरंज्या आम्ही घालू.

तिसरी, ज्या घरात असं मूल आहे त्या आईला “भूक लागली की खाईल” असं सांगू नका. तिच्याजवळ पाऊण तास बसा. थोरल्या भावंडाला अनंत चतुर्दशीच्या झांक्या दाखवायला घेऊन जा. आमच्या थोरल्याला यंदा शेजारचे काका नेणार आहेत, तो आत्तापासून त्यांच्याच घरी मुक्कामाला आहे.

लेक पूर्ण बरी झाली आहे असं नाही. पण फुग्याच्या दोन खेपांमधलं अंतर वाढत चाललं आहे, मागची खेप पाच महिन्यांपूर्वी झाली. यंदा घरी बाप्पाला दोन नैवेद्य दाखवले. एकवीस उकडीचे मोदक नेहमीसारखे, आणि एका वाटीत सारणाशिवायची पारी, दुधात भिजवून कुस्करलेली. ती वाटी तिची. तिने चार चमचे खाल्ले आणि पाचव्याला आपणहून तोंड उघडलं.

त्या आजी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. आल्या आल्या त्यांनी विचारलं, “आज काय चालेल तिला?”

एवढंच बोलायचं होतं. गणपती बाप्पा मोरया.