परसबाग आणि वर्षाची हवा

घरामागच्या चार वाफ्यांत भेंडी पिवळी पडली, टोमॅटोची फुले गळाली, म्हणजे गृहस्थ बियाण्याला दोष देतो आणि गृहिणी आपल्या हाताला. लागोपाठ दोन वर्षे असे घडले की वाफ्यांवर फरशी पडते. वास्तविक पुष्कळदा अपराध दोघांचाही नसतो. त्या वर्षाची हवाच निराळी असते. कोणत्या हवेने कोणती भाजी बिघडली हे ज्या घराला उमगते, त्या घरची बाग सहसा मोडत नाही.

पुण्याचेच उदाहरण घ्यावे. तेथे वर्षाकाठी सातशे मिलिमीटरांहून काहीसा अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. परंतु भाजीला वर्षाची बेरीज कळत नाही. तिला दिवस कळतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. पन्नास मिलिमीटर पाऊस पंधरवड्यात थोडाथोडा आला तर तो मुळांना लाभतो. तोच एका संध्याकाळी कोसळला तर माती चोपून बसते, वर कठीण पापुद्रा धरतो आणि गवारीचा कोंब आतल्या आत कुजतो. म्हणून मृगाच्या पहिल्या सरीबरोबर सगळे बी टोकू नये. निम्मे राखून ते आठ-दहा दिवसांनी लावावे, आणि वाफे वीतभर उंच करावेत.

पावसाने दिलेली ओढही तितकीच घातक होय. २०२३ सालचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पावसाळा आहे म्हणून झारी अडगळीत ठेवणाऱ्याची बाग अशा महिन्यात सुकते. शिवाय उबदार, कोरड्या हवेत पांढरी माशी वाढते आणि भेंडीच्या शिरा पिवळ्या करणारा रोग ती झाडोझाडी नेते. असे झाड दिसताच उपटून टाकावे. त्याची दया करू नये.

हिवाळा ही परसबागेची खरी सुगी. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, कोबी यांना थंड रात्री मानवतात. मात्र आभाळ चार दिवस भरून राहिले की कोवळ्या शेंड्यांवर मावा धरतो. रोज सकाळी पाने उलटून पाहणे आणि पाण्याच्या धारेने मावा धुऊन काढणे, एवढ्यानेही बरेच निभावते.

उन्हाळ्यात पारा पस्तीस अंशांपलीकडे गेला की टोमॅटोचे पराग निकामी होऊ लागतात आणि पाणी भरपूर असूनही फूल गळते. कोथिंबीर पाला न धरता फुलावर येते. त्या दिवसांत गवार आणि भेंडी यांच्यावरच भिस्त ठेवावी, बुंध्याशी पालापाचोळा पसरावा आणि भाजी-तांदूळ धुतलेले पाणी सायंकाळी आळ्यात घालावे.

या सर्वांपेक्षा मोलाचे साधन म्हणजे एक साधी वही. सरळ काठाचा डबा उघड्यावर ठेवून त्यात साचलेला पाऊस पट्टीने रोज मोजावा. पेरणीची तारीख, पहिले मळभ, पहिले फळ यांची त्यात नोंद करावी. तीन-चार वर्षांनी ती वही छापील दिनदर्शिकेहून अधिक खरे सांगू लागते. आणि मग भेंडी पिवळी पडली तरी कोणी फरशीवाल्याला बोलावीत नाही.