तारा, पडदे आणि बायकांचं शरीर

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य-शिबिरात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव छापलंय ‘विद्युतचुंबकीय क्षेत्रं आणि आरोग्य’. नाव वाचूनच निम्म्याजणी चहाला उठतील अशी भीती होती. विषय फिजिक्सचा वाटतो खरा, पण त्यातल्या संशोधनाचा इतिहास उघडून बघितला तर त्यात ऑफिसात टाइप करणाऱ्या, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसणाऱ्या, रातपाळ्या करणाऱ्या बायका दिसतात. मी तो इतिहास सांगणार आहे. मोबाइल टॉवरबद्दल तुम्ही विचारणारच, त्याकडे शेवटी येऊ.

आधी थोडं शास्त्र. तारेतून वीज वाहते तेव्हा तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, तेवढ्याच वेगाने हे क्षेत्रही मागेपुढे होतं. भिंतीने ते अडत नाही, पण अंतराने झपाट्याने कमी होतं. मोजायचं माप मायक्रोटेस्ला. एरवी घरात ते ०.१ च्या आसपास असतं. चालू मिक्सरला अगदी चिकटून मोजलं तर शेकड्यांत जाऊ शकतं आणि फूटभर मागे सरलं की थेट दहाच्या आत येतं. क्ष-किरण पेशीतल्या रेणूंचे बंध तोडू शकतात. या क्षेत्रांत तेवढी ऊर्जाच नसते. म्हणून बरेच शास्त्रज्ञ पहिल्यापासून म्हणत आले की यांनी शरीराला काही होणं शक्य नाही. पण शक्य-अशक्य कागदावर ठरवून भागत नाही, माणसांकडे जाऊन बघावं लागतं.

तसं बघायला गेली ती नॅन्सी वर्थहायमर नावाची बाई. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात रक्ताच्या कर्करोगाने गेलेल्या मुलांचे पत्ते घेऊन ती गल्लोगल्ली फिरली. शोधत होती वेगळंच, पण पुष्कळ घरांजवळ विजेचे ट्रान्सफॉर्मर आहेत हे तिच्या लक्षात आलं. एड लीपर या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर तिने १९७९ साली निबंध छापला: जाड तारांजवळच्या घरांत मुलांच्या कर्करोगाचं प्रमाण दोन ते तीन पट. टीका खूप झाली आणि त्यातली काही रास्त होती. तिने क्षेत्र मोजलं नव्हतं, तारांची जाडी आणि अंतर बघून अंदाज बांधला होता. आणि कुठलं घर आजारी मुलाचं, हे तिला आधीच ठाऊक होतं. पण पुढे स्वीडनमध्ये मारिया फेकटिंग आणि आंदेर्स आल्बोम यांनी १९९३ साली हाय टेन्शन तारांजवळ राहणाऱ्यांचा अभ्यास केला, त्यातही काहीतरी दिसलंच. २००० साली अनेक देशांतली माहिती एकत्र केली तेव्हा ०.४ मायक्रोटेस्लाच्या वरच्या घरांत मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण साधारण दुप्पट निघालं. मात्र अशा घरांत राहणारी मुलं शंभरात एकसुद्धा नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ साली या क्षेत्रांना ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात घातलं. पुरावा तोकडा आहे पण दुर्लक्ष करण्यासारखा नाही, तेव्हाचा हा गट. पेशीत नेमकं काय बिघडतं, हे आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही, आणि अलीकडच्या अभ्यासांत तो संबंध आणखी क्षीण होत गेला आहे.

आता ऑफिसात येऊ. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी अमेरिका-कॅनडात टाइपरायटरच्या जागी संगणकाचे जुने, मागे पोट असलेले पडदे आले. त्यांच्यासमोर दिवसभर बसणाऱ्या बहुतेक बायका. टोरोंटोच्या एका वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या विभागात १९७९-८० मध्ये सात गर्भवती बायकांपैकी चौघींची बाळं व्यंग घेऊन जन्मली. त्या चौघी पडद्यावर काम करत होत्या. डॅलसच्या एका ऑफिसातही त्याच सुमाराला बारापैकी सात बायकांचे गर्भ पडले. बातम्या पसरल्या आणि ठिकठिकाणच्या बायका आपापल्या ऑफिसातले आकडे मांडू लागल्या. ‘नाइन टु फाइव्ह’ ही बॉस्टनमध्ये १९७३ साली सुरू झालेली ऑफिस-कामगार बायकांची संघटना होती. तिने आणि युनियन्सनी हा प्रश्न लावून धरला.

कंपन्यांचे तज्ज्ञ म्हणाले, हा योगायोग. ऐकून चीड येते, पण हिशोब करून बघा. गर्भ राहिल्याचं कळल्यानंतरही शंभरातले सुमारे पंधरा गर्भ आपोआप पडतात. लाखो ऑफिसं आहेत. त्यांतल्या काही ऑफिसांत निव्वळ योगायोगाने बारातले सात पडणारच, आणि बातमी होते ती त्याच ऑफिसांची. जिथे बाराच्या बारा बाळंतपणं सुखरूप झाली तिथून कुणी पत्रकाराला फोन करत नाही. म्हणजे त्या बायका खोटं बोलत होत्या असं नाही. त्यांनी प्रश्न विचारला आणि तो विचारायलाच हवा होता. उत्तर मात्र एका ऑफिसातून मिळणारं नव्हतं.

१९८८ साली कॅलिफोर्नियातल्या १५८३ गर्भवती बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला वीस तासांहून जास्त वेळ पडद्यासमोर बसणाऱ्यांत गर्भ पडण्याचं प्रमाण ८० टक्के जास्त. खळबळ उडाली. पण त्यातली जी बारीक गोष्ट बहुतेक बातम्यांत आली नाही ती आपल्या कामाची आहे: ही वाढ मुख्यतः कारकुनी काम करणाऱ्या बायकांत होती. तोच पडदा वापरणाऱ्या मॅनेजर आणि व्यावसायिक बायकांत ती दिसली नाही. आता चुंबकीय क्षेत्राला काही हुद्दा कळत नाही. मग कारकून बाईच्या वाट्याला वेगळं काय येत होतं? जागचं न उठता तासन्‌तास काम, मिनिटामिनिटाची मोजणी, वर साहेबाची नजर. अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच म्हटलं होतं की कामाच्या परिस्थितीचा ताण हे एक कारण असू शकेल. माझ्या मते त्या वर्षीची खरी बातमी ही होती.

याच सुमाराला अमेरिकन सरकारची कामगार-आरोग्य संशोधन संस्था टेलिफोन ऑपरेटर बायकांचा मोठा अभ्यास हाती घेत होती. प्रश्नावलीत कामाचा ताण आणि प्रजननक्षमता यांबद्दलचे प्रश्न होते. ज्या कंपन्यांतल्या बायका तपासायच्या त्यांतल्या एका टेलिफोन कंपनीने आक्षेप घेतला आणि वॉशिंग्टनच्या अंदाजपत्रक कार्यालयाने ते प्रश्न काढून टाकायला लावले. संशोधनात काय सापडलं यावर आपण भांडतो. काय विचारूच दिलं नाही, यावर फारसं कुणी भांडत नाही.

टेरेसा श्नोर यांच्या नेतृत्वाखालचा तो अभ्यास १९९१ साली छापून आला. ७३० बायका, ८८२ गर्भारपणं. पडदा वापरणाऱ्यांत गर्भ पडण्याचं प्रमाण १४.८ टक्के, न वापरणाऱ्यांत १५.९. फरक नाही. चांगला अभ्यास होता, कारण दोन्ही गटांतल्या बायका तेच ऑपरेटरचं काम करत होत्या, फक्त यंत्र वेगळं. एक खोच त्यातही होती. पडद्यातून दोन प्रकारची क्षेत्रं निघत, वेगवान आणि संथ. संथ प्रकारचं क्षेत्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच भरलं, म्हणून त्याच्याबद्दल या अभ्यासातून काही सांगता येत नव्हतं. फिनलंडमध्ये मार्या-लीसा लिंडबोम यांनी १९९२ साली बँकेतल्या आणि ऑफिसातल्या बायका तपासल्या. पडदा वापरणाऱ्यांत एकूण धोका नव्हता, पण जास्त क्षेत्र सोडणारी यंत्रं वापरणाऱ्या थोड्याजणींत तो तिपटीहून जास्त निघाला. हा आकडा लहान गटावरचा होता. पुढे यंत्रंच बदलली. त्याचं बरंचसं श्रेय स्वीडनकडे जातं. तिथे १९९० पर्यंत पडद्यांसाठी मर्यादा ठरल्या, १९९२ मध्ये पगारदार कर्मचाऱ्यांच्या महासंघाने त्याहून कडक मानक आणलं आणि कंपन्यांना त्याप्रमाणे पडदे बनवणं भाग पडलं. पुरावा पुरा होण्याची वाट न बघता, कमी खर्चात जे टाळता येतं ते टाळा, एवढंच त्यांनी केलं. आजचे सपाट पडदे आल्यावर तो प्रश्न मावळलाच.

आता तुम्ही म्हणाल, मग गर्भवती बाईला त्या कामावरून हलवावं, एवढं सोपं. क्वेबेकने १९७९ च्या कायद्यात तसा हक्क दिलाही: डॉक्टरचा दाखला आणा, दुसरं काम मिळेल, न मिळालं तर घरी बसून भरपाई. हा हक्क बाईच्या हातात होता, तिने मागायचा. हाच विचार मालकाच्या हातात गेला की काय होतं तेही बघा. १९७८ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या अमेरिकन सायनामिडच्या कारखान्यात शिशाच्या विभागातून प्रजननक्षम बायकांना काढायचं ठरलं, आणि नोकरी टिकवण्यासाठी पाच बायकांनी नसबंदी करून घेतली. बॅटरी बनवणाऱ्या जॉन्सन कंट्रोल्सने १९८२ पासून वांझपणाचा वैद्यकीय पुरावा दिल्याशिवाय बायकांना शिशाच्या कामावर घेणं बंद केलं. शिसं पुरुषांच्या बीजालाही बाधतं, पण त्यांना कुणी हलवलं नाही. १९९१ साली, म्हणजे टेलिफोन ऑपरेटरचा अभ्यास आला त्याच वर्षी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे धोरण बेकायदा ठरवलं. न जन्मलेल्या बाळाच्या काळजीच्या नावाखाली बाईची रोजी जाते तेव्हा, कारखान्यातलं शिसं कमी करा हे कुणी का म्हणत नाही, असं आपण विचारायला हवं.

न्यूयॉर्कजवळ सफोक काउंटीने १९८८ साली पडद्यावर काम करणाऱ्यांसाठी कायदा केला: दर तीन तासांनी पंधरा मिनिटं सुटी, हलवता येणारी खुर्ची, डोळ्यांच्या तपासणीचा बराचसा खर्च मालकाचा. पुढे कोर्टाने तो रद्द केला. याच सफोकमधल्या आणि शेजारच्या नॅसॉमधल्या बायकांनी पुढे घरोघर चौकशी करून स्तनांच्या कर्करोगाचे नकाशे काढले आणि त्यांच्या रेट्यामुळे १९९३ साली संसदेने संशोधनाचा कायदाच केला. तपासायच्या यादीत विजेची क्षेत्रंही होती. कारण रिचर्ड स्टीव्हन्स यांनी १९८७ मध्ये कल्पना मांडली होती की रात्री शरीरात तयार होणारं मेलाटोनिन हे द्रव्य विजेमुळे कमी होत असेल आणि स्तनांचा कर्करोग वाढत असेल. पंधरा-पंधरा वर्षं एकाच घरात राहिलेल्या बायकांच्या घरी जाऊन मोजणी झाली. २००३ साली निकाल आला: चुंबकीय क्षेत्रांचा संबंध नाही.

बायकांची एवढी मेहनत वाया गेली का? मला नाही वाटत. स्टीव्हन्सच्या कल्पनेचा दुसरा भाग होता रात्रीच्या उजेडाचा. उजेडाने मेलाटोनिन घटतं हे नक्की आहे. त्याच कर्करोग संस्थेने २००७ साली शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं आणि २०१९ मध्ये रातपाळीबद्दल तेच कायम ठेवलं. हा गट विजेच्या तारांच्या गटाहून एक पायरी वरचा आहे. डेन्मार्कने तर वर्षानुवर्षं रातपाळी केलेल्या काही बायकांना स्तनांच्या कर्करोगासाठी नुकसानभरपाई दिली. आपल्याकडे नर्सताई महिनोन्‌महिने नाइट ड्यूटी करतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने बाईच्या संमतीने तिला रात्री कामावर ठेवायला परवानगी दिली. त्यावर झालेल्या चर्चेत गाडी, पहारा, संडास हे सगळं आलं आणि ते यायलाच हवं. लागोपाठ किती रात्री, मध्ये किती दिवस विश्रांती, स्तनांची तपासणी कोण करणार, हे फारसं आलं नाही.

आता टॉवर. मोबाइलच्या लहरी वेगळ्या, खूप वेगवान. त्यांनाही २०११ साली तारांसारख्याच ‘शक्यता’ गटात घातलं आहे. २०१८ च्या अमेरिकन प्रयोगात नर उंदरांच्या हृदयात गाठी दिसल्या, मादी उंदरांत तसा स्पष्ट पुरावा नाही, आणि गंमत म्हणजे लहरी दिलेले नर उंदीर न दिलेल्यांपेक्षा जास्त जगले. माणसांत बघाल, तर ब्रिटनमधल्या ७ लाख ७६ हजार बायकांच्या अभ्यासात, जो २०२२ साली आला, मोबाइल वापरणाऱ्यांत मेंदूच्या गाठी वाढलेल्या नाहीत. त्यात तासन्‌तास बोलणाऱ्या थोड्या होत्या, हे लक्षात ठेवा. टॉवरपेक्षा कानाला लावलेल्या फोनमधून शरीराला कितीतरी जास्त लहरी मिळतात. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लावली आहे.

म्हणून वस्तीत टॉवरवरून भांडण आलं तर कर्करोगाच्या एका शब्दावर सगळी लढाई उभी करू नका. गच्चीला ते वजन पेलतं का, जनरेटरचा धूर कुणाच्या खिडकीत जातो, भाडं कुणाच्या खिशात जातं आणि ठराव झाला त्या सभेला किती बायका होत्या, हे विचारा. लहरींची मोजणीही दूरसंचार विभागाकडे शुल्क भरून मागता येते. तो अर्ज कुणीही रहिवासी करू शकते, त्याला सोसायटीच्या सेक्रेटरीची सही लागत नाही.