पाळी तीन महिने आली नाही तर

आज हप्ता, व्याज, बँकेची फाईल यातलं काही नाही. आज पीसीओडीबद्दल बोलू. डॉक्टर कागदावर पीसीओएस लिहितात, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. आपल्याकडे मात्र ‘तिला जरा पाळीचा त्रास आहे’ एवढं म्हणून विषय बदलतात.

आम्ही गटाच्या बायका बैठकीला बसतो, पैसे मोजून होतात, सह्या होतात, आणि मग खऱ्या गप्पा निघतात. कुणाच्या लेकीला तीन-तीन महिने पाळी नाही. कुणाच्या सुनेच्या हनुवटीवर राठ केस. कुणाच्या लग्नाला चार वर्षं झाली तरी दिवस राहिले नाहीत. हे त्रास वेगवेगळे वाटतात, पण मूळ एकच असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळी येण्याच्या वयातल्या 100 बायकांत 10 ते 13 जणींना हा आजार असतो. म्हणजे वीस जणींच्या गटात दोघी तरी. त्यातल्या बहुतेकींना नावही ठाऊक नसतं.

होतं काय, तर बीजकोषात दर महिन्याला एक बीज पिकून बाहेर पडायला हवं. इथे पुष्कळ बीजं वाढू लागतात आणि अर्ध्यातच थांबतात. सोनोग्राफीत त्यांचे बारीक फुगे दिसतात. त्यांना लोक गाठी म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. गाठ म्हटली की कॅन्सर, ऑपरेशन, घरात रडारड. हे फुगे म्हणजे कॅन्सरच्या गाठी नव्हेत, ते कापून काढायचेही नसतात. आणि गर्भपिशवी काढणं हा पीसीओएसचा इलाज मुळीच नाही. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला, तो आपण विसरू नये. कुणी ‘पिशवी काढून टाका’ म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

बहुतेक जणींत यामागे इन्सुलिन असतं. शरीर त्याला नीट दाद देत नाही, मग ते जास्त तयार होतं, आणि बीजकोष पुरुषी हार्मोन वाढवतो. हे हार्मोन प्रत्येक बाईत थोडं असतंच, इथे ते जास्त होतं. त्यातून तोंडावर केस, पुरळ, डोक्यावरचे केस विरळ. काही मुलींची मान मागून काळी, मखमलीसारखी होते. आया तिला दगडाने घासायला लावतात, ‘अंघोळ धड करत नाहीस’ म्हणून बोलतात. तो मळ नाही हो. घासून जाणार नाही.

पाळी अनियमित असणं, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं, आणि सोनोग्राफीत फुगे दिसणं, या तीनपैकी दोन गोष्टी असतील तर हा आजार धरतात. पहिल्या दोन असतील तर सोनोग्राफीवाचूनही निदान होतं. थायरॉईडची रक्ततपासणी मात्र करून घ्यावी, कारण त्यानेही पाळी बिघडते. नुकती पाळी सुरू झालेल्या मुलींची पाळी मागेपुढे होतेच, घाबरू नका, आणि तेवढ्यावरून सोनोग्राफीला पळू नका. पण पहिलं वर्ष उलटल्यावर एखादी पाळी 90 दिवसांहून लांबली, तर दाखवायला न्या.

‘येत नाही तर बरंच, कटकट नाही’ असंही आम्ही ऐकतो. शेतात, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला तसं वाटणारच, तिथे आडोसासुद्धा नसतो. पण पाळी लांबत राहिली की पिशवीचं आतलं अस्तर जाड होत जातं आणि पुढे पिशवीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. शुगरचाही वाढतो. म्हणून हे अंगावर काढू नका.

गोळ्यांवरून घरात फार वाद होतात. पाळी नियमित करायला डॉक्टर बऱ्याचदा गर्भनिरोधक गोळ्याच देतात. पाकिटावरचं नाव वाचून लग्न न झालेल्या मुलीची आई हादरते, गोळ्या चुलीत जातात. इथे त्या औषध म्हणून असतात, एवढं आईला आधी सांगायला हवं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळीही देतात, शुगर नसली तरी. दुसरीच्या गोळ्या मात्र आणून खाऊ नका.

वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरलं तरी पाळीत फरक पडू शकतो. 70 किलोच्या बाईने साडेतीन ते सात किलो, बस. सडपातळ बायकांनाही हा आजार होतो, त्यांना ‘कमी खा’ म्हणून काय उपयोग? वेगळा स्वयंपाक नको. भाताचा ढीग कमी, भाकरीसोबत मटकी-मूग जास्त, आणि दिवसातून पाच वेळा होणारा गोड चहा दोनवर आणा. आमच्या मते निम्मं दुखणं त्या चहात आणि खारी-बिस्किटात आहे. रोज अर्धा तास भरभर चाला. एकटीला लोक हसतात, चौघींना कुणी हसत नाही.

आता लग्नाचं. स्थळ आलं की सांगावं का लपवावं, यावर आमच्यातही एकमत नाही. पण पीसीओएस म्हणजे वांझपण नव्हे, यावर आहे. बऱ्याच जणींना आपोआप दिवस राहतात, काहींना औषधाने. आणि मूल होत नसेल तर तपासणी नवऱ्याचीही करायची. ती साधी आणि स्वस्त असते, तरी आधी सुनेच्याच चार सोनोग्राफ्या होतात.

पैशांचं म्हणाल, तर राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. आधी ग्रामीण रुग्णालयात जा. बाहेर खर्च लागलाच तर गटाकडून कर्ज मागा. ‘कर्ज शेळीला, शिलाई मशीनला, पाळीला कसलं?’ असं आमच्यात म्हटलं गेलं, बराच वाद झाला. शेवटी ठराव झाला: आजारपणाचं कर्ज देताना आजाराचं नाव वहीत लिहायचं नाही, फक्त ‘औषधोपचार’.

पाळीची तारीख मात्र ज्याच्या त्याच्या घरच्या कॅलेंडरवर टिपून ठेवा. डॉक्टर पहिलं तेच विचारतात.