विमानाचे पंख शिवले जायचे तेव्हा

आम्ही भिवंडीहून बोलतोय. मागे यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येत असेल, तो आमच्या सोबतच असतो. आजचा विषय आहे विमान. "आपल्याला काय करायचंय विमानाचं?" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. ज्या विमानांची गोष्ट आम्ही सांगणार आहोत, त्यांचे पंख कापडाचे होते. आणि ते कापड बायका शिवायच्या.

हा विषय कसा निघाला ते आधी सांगतो. दिवाळीच्या आधी आमच्या गटाला एका व्यापाऱ्याकडून तीनशे कापडी पिशव्यांचं काम मिळालं. पिशवीमागे चार रुपये. त्यातल्या चाळीस पिशव्या परत आल्या, बंद उसवले होते. व्यापाऱ्याने पैसे कापले आणि वर म्हणाला, "साधं बायकी शिवणकाम, तेही धड जमत नाही?" गटाच्या बैठकीत वाद झाला. कोणाची शिवण सुटली, ते कोणालाच सांगता येईना. त्या दिवशी आमच्यातल्या एकीची कॉलेजात जाणारी मुलगी तिथे बसली होती. ती म्हणाली, "काकू, एके काळी विमानंसुद्धा शिवणीवर उडायची." मग आम्हीही वाचायला घेतलं.

इंग्लंडात जेफ्री डी हॅविलंड नावाचे एक इंजिनियर होते. १९०९ साली त्यांनी आपलं पहिलं विमान बांधलं, तेव्हा पंखांचं कापड त्यांच्या पत्नी लुईस यांनी शिवलं. ते विमान पहिल्याच प्रयत्नात मोडलं. दुसरं बांधलं, ते १९१० मध्ये उडालं. पहिलं महायुद्ध संपल्यावर त्यांच्या मनात आलं, की विमान सैन्याचं आणि श्रीमंतांचंच का असावं? साध्या माणसाला शिकता येईल असं हलकं, स्वस्त विमान का होऊ नये?

ते विमान फेब्रुवारी १९२५ मध्ये पहिल्यांदा उडालं. नाव ठेवलं मॉथ, म्हणजे दिव्याभोवती फिरतो तो पतंग. डी हॅविलंड यांना किड्या-पाखरांचा नाद होता. शिवाय या विमानाचे पंख पतंगासारखे मागे मिटायचे, म्हणजे ठेवायला जागा कमी लागायची. इंजिनसुद्धा काटकसरीचं. फ्रँक हाल्फर्ड यांनी युद्धातून उरलेल्या आठ सिलिंडरच्या इंजिनाचे भाग घेऊन चार सिलिंडरचं इंजिन केलं. उरल्यासुरल्यातून नवं करायचं, ही रीत आपल्याला काही नवी नाही. पुढे जिप्सी नावाचं शंभर अश्वशक्तीचं इंजिन आलं आणि विमानाला जिप्सी मॉथ म्हणू लागले. रिकाम्या विमानाचं वजन सव्वाचारशे किलोच्या आतबाहेर, म्हणजे एखाद्या धष्टपुष्ट म्हशीएवढं.

इतकं हलकं कसं? तर आत लाकडाचा सांगाडा आणि वरून कापड. हे कापड जवसाच्या तंतूंचं, म्हणजे लिनन. पट्टे जोडताना दोन्ही कडा एकमेकींत दुमडायच्या आणि त्यावर दोन ओळी शिलाई घालायची, पँटच्या बाजूला असते तशी. मग ते कापड पंखावर चढवायचं. पंखाच्या आत लाकडी फासळ्या असतात. मेण लावलेला दोरा लांब सुईत ओवून पंखाच्या वरून खाली, खालून वर काढायचा आणि ठरावीक अंतरावर गाठ मारत कापड प्रत्येक फासळीला बांधून टाकायचं. एक गाठ सुटली तरी पुढचं सगळं उसवू नये, म्हणून प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ. त्या शिवणीवर कातरलेल्या कडेची पट्टी चिकटवायची, म्हणजे धागे सुटत नाहीत.

त्यावर डोप नावाचं रोगण लावायचे. वाळताना ते कापड आकसून घेतं आणि पंख ढोलकीच्या चामड्यासारखा ताठ होतो. वरून चंदेरी रंग, कारण कडक ऊन कापडाला कुजवतं. पाऊस आत साचू नये म्हणून खाली बारीक भोकं. हे सगळं तपासणाऱ्याने पाहून सही केल्याशिवाय विमान हलायचं नाही. कारण हवेत कापड फाटलं तर माणूस मरणार.

यातली वाईट बाजूही सांगितली पाहिजे. पहिल्या महायुद्धात काही डोपमध्ये असं रसायन होतं, की त्याच्या वाफेने कामगारांना कावीळ व्हायची. काही जण दगावले. त्यात बायकाही होत्या. मग ते रसायन बंद करावं लागलं. बंद खोलीत रंगाचं, गोंदाचं, केमिकलचं काम करणाऱ्या आपल्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवा. डोकं जड झालं, मळमळलं, तर ते अंगावर काढू नका. खिडकी उघडा, बाहेर या, बोला.

आता आपल्या जवळची गोष्ट. भिवंडीहून फार लांब नाही, मुंबईत जुहूला १९२८ मध्ये विमानतळ सुरू झाला. बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये या मॉथ विमानांवर लोक शिकायचे. जे. आर. डी. टाटा तिथेच शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाची पोती घेऊन जुहूला उतरले, ते याच घराण्यातल्या पस मॉथ विमानातून. आपल्या देशातल्या विमानसेवेची ती सुरुवात. त्याच १९३२ साली उर्मिला पारिख यांना विमान चालवण्याचा परवाना मिळाला. असा परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. आणि १९३६ मध्ये लाहोरला सरला ठकराल यांनी साडी नेसून जिप्सी मॉथ एकटीने उडवलं. तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या आणि घरी चार वर्षांची मुलगी होती. फाळणीनंतर त्या दिल्लीला आल्या आणि कापडावरच्या छपाईच्या धंद्यात उभ्या राहिल्या.

इंग्लंडची एमी जॉन्सन आम्हाला खास आवडली. बी. ए. झालेली, वकिलाच्या कचेरीत नोकरी करणारी. तिने विमान चालवायचंच नव्हे, तर दुरुस्तीचंही प्रमाणपत्र घेतलं. मे १९३० मध्ये जुनं जिप्सी मॉथ घेऊन ती एकटी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला गेली. वाटेत झाशीला इंधन संपत आलं म्हणून लष्कराच्या कवायतीच्या मैदानात उतरली आणि पंख दुखावला. तो तिथल्या सुताराने नीट केला. पुढे ब्रह्मदेशात रंगूनजवळ पुन्हा पंख फाटला. युद्धानंतर उरलेलं विमानाचं कापड लोकांनी शर्टांना वापरलं होतं, ते शर्ट पंखाला ठिगळ म्हणून लावले, असं सांगतात. ठिगळाचं विमान ऑस्ट्रेलियाला पोहोचलं.

दुसऱ्या महायुद्धात डी हॅविलंड यांच्या टायगर मॉथवर हजारो वैमानिक शिकले, आपल्या देशातही. अशी आठ हजारांहून जास्त विमानं तयार झाली. तेव्हा कारखान्यातून विमानं लष्कराच्या तळावर नेऊन पोहोचवायचं काम बायकाही करायच्या. एमीही करायची, आणि त्याच कामावर जानेवारी १९४१ मध्ये तिचा मृत्यू झाला. या बायकांना सुरुवातीला पुरुषांपेक्षा वीस टक्के कमी पगार होता. विमान तेच, आकाश तेच, जोखीम तीच. १९४३ मध्ये पगार सारखा झाला.

वैमानिकांची नावं पुस्तकात सापडतात. पंख शिवणाऱ्यांची, लुईस यांच्यासारखं एखादं सोडलं तर, आम्हाला सापडली नाहीत.

म्हणून आमच्या गटाने दोन गोष्टी केल्या. पिशवीच्या आत शिवणाऱ्या बाईच्या नावाची चिठ्ठी टाकायला लागलो, आणि दुसरी बाई बंद ओढून पाहून वहीत सही करते. पहिल्यांदा काही जणी रागावल्या, "म्हणजे आमच्यावर भरवसा नाही?" पण आता कोणाची शिवण कुठे सैल पडते ते कळतं, आणि ती तिला शेजारी बसवून शिकवता येते. पुढच्या खेपेला तीन पिशव्याच परत आल्या.

मग ती वही घेऊन आम्ही चौघी व्यापाऱ्याकडे गेलो. पिशवीमागे सहा रुपये मागितले. त्याने पाच कबूल केले. सहासाठी परत जाणार आहोत.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एक करा. प्रत्येकीने आपण शिवलेली एक वस्तू आणा, ती उलटी करा आणि आतली शिवण एकमेकींना दाखवा. कोणी किती वेळ दिला आणि किती पैसे मिळाले, ते वहीत लिहा. दर ठरवायला बसाल तेव्हा ती वही सोबत न्या.