बसचं घर: उत्साह टिकवायचा कसा?

जुन्या बसचं फिरतं घर करायला घेतलं की पैशाआधी उत्साह संपतो, असं म्हणतात. मला हे अर्धंच खरं वाटतं. उत्साह आटतो तो कामाला शेवट दिसत नाही म्हणून. बेंगळुरूत २०२० साली कर्नाटकच्या राज्य परिवहन महामंडळाने एका जुन्या बसचं महिलांसाठी स्वच्छतागृह केलं आणि ते मॅजेस्टिक बसस्थानकावर उभं केलं. बाळाला पाजायची जागाही त्यात आली. पुण्यातली जुन्या बसमध्येच केलेली ‘ती’ नावाची महिलांची स्वच्छतागृहं त्याआधीची, २०१६ पासूनची. दोन्हीकडे बसमध्ये काय हवं आणि काय नको, याची हद्द स्पष्ट होती, म्हणून कामाला शेवट दिसत होता.

कुणी म्हणेल, महामंडळाकडे वर्कशॉप असतं, आमच्याकडे फक्त रविवार. बरोबर आहे; शिवाय ती बस उभीच राहते, तुमची धावायची आहे. म्हणून तर कामाचा क्रम महत्त्वाचा. सीटा काढून तळाची प्लाय उचलली की खाली गंजलेला पत्रा दिसतो आणि नेमकं तिथंच अवसान गळतं. तेव्हा आधी गंज, छताची गळती आणि ब्रेक. मग झोपायला एक फळी, एक दिवा. आत एक रात्र काढता आली की वायरिंग, पाण्याची टाकी, ओटा सावकाश झाला तरी हरकत नाही. रंग आणि पडदे शेवटी. हौशी मंडळी सुरुवात तिथूनच करतात, ही खरी गंमत! आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करायला परवानगी लागते, तेव्हा पहिला नट सोडवण्याआधी आरटीओत जाऊन या.