गाळातील धातू : भार कोणी वाहायचा?



शहराचे मैलापाणी शुद्ध केल्यावर उरणारा गाळ शेतीला द्यावा, हे तत्त्व योग्यच आहे. जमिनीतून उचललेले नत्र, स्फुरद व सेंद्रिय द्रव्य जमिनीला परत मिळालेच पाहिजे. परंतु धातूंना मुलामा देणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी त्याच गटारांत सोडले की कॅडमियम, क्रोमियम, निकेल गाळात साचतात. गाळ कुजवल्याने रोगजंतू घटतात. धातू मात्र नष्ट होत नाहीत. आम्लधर्मी जमिनीत कॅडमियम पिकात अधिक उतरते. चुना घातल्याने ते आवरते, पण जमिनीतून जात नाही.

म्हणूनच युरोपीय समुदायाच्या १९८६ च्या निर्देशाने गाळाबरोबर जमिनीतील धातूंवरही मर्यादा घातली. आपल्याकडे २०१६ च्या घनकचरा नियमांत कंपोस्टसाठी किलोमागे ५ मिलिग्रॅम कॅडमियम ही कमाल मर्यादा ठरली.

तथापि केवळ शेवटच्या टोकाला तपासणी करून भागणार नाही. धातू कारखान्याच्या दारातच वेगळे काढले पाहिजेत आणि तो खर्च नफा घेणाऱ्यानेच सोसला पाहिजे. प्रत्येक खेपेचा तपासणी-अहवाल मागणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. त्या मागणीसाठी त्याला संघटित करणे हे आपले कर्तव्य आहे.